उघडी पट्टी

आमचं यंत्र तपासणाऱ्या सोल्वाइगने नकारार्थी मान हलवली.

प्रयोगशाळेच्या बंद खोलीत टेबलावर एक रबरी बाळ ठेवलं होतं. पंपामुळे त्याची छाती वर-खाली होत होती. शेजारी आमचं यंत्र, अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा श्वास मोजणारं. सोल्वाइगने आत वॉकीटॉकीतून निघतात तशा रेडिओलहरी सोडल्या आणि पंप बंद केला. बाहेर आमच्यासमोरच्या पडद्यावर बाळ निपचित दिसत होतं. आमचं यंत्र मात्र मजेत श्वास मोजत बसलं होतं.

"लहरींनाच श्वास समजतंय हे," सोल्वाइग म्हणाली. "असलं यंत्र मी कुठल्याही बाळाजवळ ठेवू देणार नाही."

तिचं बरोबरच होतं, म्हणूनच राग येत होता. आज नापास झालो तर हॉस्पिटलची ऑर्डर दुसऱ्याकडे जाणार आणि डेन्मार्कमधल्या ह्विदे सांदे बंदरावरच्या आमच्या वर्कशॉपला कुलूप लागणार होतं. वर्कशॉप म्हणजे मी, माझा नवरा टोर्बेन आणि माझे बाबा, प्रेबेन. बाबांनी आयुष्यभर मासेमारीच्या बोटी रंगवल्या. निवृत्त झाल्यावर घरात बसून सगळ्यांवर करवादायला लागले, म्हणून यंत्राचे डबे रंगवायला दिले. आज ते आमच्यासाठी काळ्या पावावर हेरिंग मासा घालून घेऊन आले होते आणि कोणी खात नाही म्हणून फुगून बसले होते.

"तुझं सर्किटच दळभद्री," मी टोर्बेनला म्हटलं.

"हो का? मग तो बिनरंगाचा पहिला नमुना कसा चालला गं? सर्किट तेच, डबाही तोच. पत्र्याच्या डब्यात लहर शिरतेच कशी?"

बिनरंगाचा. मी उठले, आतून यंत्र आणलं आणि झाकण काढलं. झाकणाच्या कडेने आम्ही कोरी पट्टी सोडलेली असते. तिथे झाकणाचा पत्रा डब्याच्या पत्र्याला घट्ट चिकटला की लहरींना वाट उरत नाही. ती पट्टी गायब होती. तिच्यावर गुळगुळीत, सुंदर करडा रंग होता.

"बाबा, ही कड तू रंगवलीस?"

"मग काय तशीच सोडू? चिकटपट्टी लावून उघडीच ठेवली होती कुणीतरी आळशाने. काढली ती चिकटपट्टी आणि दिले रंगाचे तीन हात. आमच्या बंदरावर उघडा पत्रा दिसला तर लोक थुंकतील तोंडावर!"

टोर्बेनने दोन्ही हातांनी डोकं धरलं. हसावं की रडावं, मला कळेना.

"बाबा, त्या रंगातूनच लहरी आत शिरतायत. तो खरवडावा लागेल."

बाबांचा चेहरा पडला. "माझा रंग?"

"तुझाच."

"आणि गंजला म्हणजे?"

"त्यावर कथिलाचा मुलामा आहे. नाही गंजत."

त्यांनी रंगवलेल्या कडेवरून एकदा बोट फिरवलं. मग खिशातून आपली खरवडणी काढली. ती त्यांच्या खिशात कायमच असते. टोर्बेन मदतीला सरसावला तसे खेकसले, "हात लावू नकोस! मुलामा घालवशील." झाकणाची आणि डब्याची कड त्यांनी स्वतःच मोकळी केली, कुरकुरत, एका दमात. काम संपलं तेव्हा पट्टी आरशासारखी लखलखत होती.

यंत्र पुन्हा खोलीत गेलं. दार बंद झालं. सोल्वाइगने लहरी सोडल्या आणि पंप थांबवला.

क्षणभर काहीच नाही.

मग स्पीकरमधून यंत्राने अशी किंकाळी फोडली की बाबांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. सोल्वाइग पहिल्यांदाच हसली. टोर्बेनने मला मिठी मारली.

"काय बोंबलतंय हे! मोडलं काय?" बाबा ओरडले.

"नाही रे बाबा. बाळाचा श्वास थांबलाय, ते आपल्याला सांगतंय."

बाबांनी कानांवरचे हात हळूच खाली घेतले. सोल्वाइगचं बोट आवाज बंद करायच्या बटणाकडे गेलं तसं त्यांनी तिला थांबवलं.

"राहू दे जरा. ओरडू दे त्याला."