लाल की निळा

झाकणी ओट्यावरून निसटली, फरशीवर गरगरत गेली आणि फ्रीजच्या पायाशी टण्ण करून आडवी झाली. सकाळपासून घरात कुणी कुणाशी धड बोललं नव्हतं, त्यामुळे तेवढासा आवाजही भलताच मोठा वाटला. प्राचीने जीभ चावली आणि झटकन मागे पाहिलं. नवऱ्याकडे, विनीतकडे नाही; सान्वीकडे.

ठोकळे मांडत पाठमोऱ्या बसलेल्या सान्वीने मान वळवली होती.

"बघितलंस? पाठ होती तिची! तरी वळली!"

"बघितलं," विनीत म्हणाला. हसलाही.

सान्वीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. दोन वर्षांची असताना ऑपरेशन झालं, कानामागे यंत्र आलं, आणि तेव्हापासून ती एकेक आवाज शिकत होती. आता पाच वर्षांची झाली होती. शिट्टी, कुत्रा, दारावरची बेल, आई, बाबा. ठाण्याला योगिनी मॅडमकडे आठवड्यातून तीनदा जायचं आणि उरलेले दिवस घरी तेच घोटायचं. ओठ दिसू द्यायचे नाहीत, हा मॅडमचा पहिला नियम. म्हणून प्राची तोंडापुढे हात धरायची आणि म्हणायची, "लाल." सान्वी लाल ठोकळा उचलायची. "निळा." ती निळा उचलायची. बरोबर आलं की दोघी टाळ्या पिटायच्या.

"उत्तरं येतात तिला," मॅडम मागच्या वेळी म्हणाल्या होत्या. "ज्या दिवशी ती स्वतःहून प्रश्न विचारेल ना, त्या दिवशी मला फोन करायचा. वेळ बघायची नाही. आणि प्राची, अजून दोन-तीन वर्षं खंड पडू देऊ नका. आत्ता सुटलं की सुटलं."

मोरीतून आनंदा बाहेर आला, डोकं पुसत. विनीतचा थोरला भाऊ. पाथर्डीकडच्या गावाहून कालच टिटवाळ्याला आला होता. मोटरसायकलवरून पडल्यापासून त्याच्या डाव्या गुडघ्यात सळई होती, त्यामुळे चालताना तो पाय मागून ओढत आणायचा. धाकट्या भावाच्या बायकोशी समोरासमोर बोलायचं नाही, ही त्याच्या घरची जुनी रीत त्याने इथे फ्लॅटमध्येही सोडली नव्हती. जे काय सांगायचं ते सान्वीला.

"सान्वे, आईला म्हणावं, चहा झाला की निघू. ट्रॅक्टरवाला अकराला बोलावतोय."

सान्वी त्याच्या मिशांकडे बघत राहिली. प्राचीने पदराला हात पुसले आणि चहा गाळला.

तसं ट्रॅक्टर घ्यायचं ठरलंच होतं, फक्त कुठला ते कुणी बोलून दाखवत नव्हतं. गावी पेरणीयंत्र आलेलं होतं, अकरा फणांचं, बी आणि खत एकदम पेरणारं. ते ओढायला दमदार ट्रॅक्टर हवा होता. गेल्या साली भाड्याचा आणला, तर ड्रायव्हर अर्ध्या पेरणीतून दुसऱ्याच्या रानात निघून गेला. पेरणीच्या दिवसांत कोण कुणाचं! तेव्हा आता घरचाच ट्रॅक्टर आणि घरचाच माणूस.

पसंतीला दोन होते. निळा अंगाने हलका, क्लच लोण्यासारखा. तो आनंदा एकटा चालवू शकला असता, आणि विनीत इथेच राहिला असता, आंबिवलीपलीकडच्या कारखान्यात, आपल्या शिफ्टमध्ये, आपल्या घरात. लाल वजनदार, काळ्या रानाला पुरून उरणारा, पण क्लच असा की धडधाकट माणसाच्या मांडीत गोळा यावा. तो घेतला तर चालवायला विनीतच हवा होता. आधी पेरणी, मग मशागत, मग लोकांची रानं. नोकरी सोडावीच लागली असती. आणि प्राचीला सान्वीला घेऊन इथेच राहावं लागलं असतं, कारण योगिनी मॅडम पाथर्डीला नव्हत्या.

गोवेलीच्या पुढे, मुरबाड रस्त्याला लागून जुन्या ट्रॅक्टरांचं यार्ड होतं. वैशाखाचं ऊन पत्र्यावर तळतळत होतं. मालक हर्षित, वयाने पोरगेला, गळ्यात जाड साखळी, तोंडात बडीशेप.

"या दादा, या वहिनी! बिंधास बघा. दोन्ही एक नंबर पीस आहेत. चालवून बघा, जोडून बघा. आपल्याकडे अकरा फणांचं यंत्र पण पडलंय, मग विषय कट!"

"विषय कट नंतर कर," आनंदा म्हणाला. "आधी यंत्र उचलून दाखव."

विनीत लालचं बॉनेट उघडून आत वाकला होता. प्राचीने लांबून पाहिलं. कारखान्यातून आला की तो मोजे काढायलाही कंटाळायचा. इथे मात्र कोपरापर्यंत ग्रीस लागलं होतं आणि तो वाकून, कान देऊन इंजिन ऐकत होता. लग्नाला सात वर्षं झाली. इतकं मन लावून काही ऐकताना तिने त्याला एकदाच पाहिलं होतं. सान्वी पहिल्यांदा 'बाबा' म्हणाली तेव्हा.

प्राचीकडे नजर जाताच त्याने बॉनेट लावून टाकलं.

"निळाच घेऊ," तो म्हणाला. "दादाला झेपेल. बरा आहे."

"माझ्याही मनात तेच होतं," आनंदा म्हणाला. त्याला मनातून हायसं वाटलेलं दिसत होतं. लंगड्या माणसालाही आपल्या रानात आपल्या हाताने स्टेअरिंग धरावंसं वाटतं.

हर्षितच्या माणसाने निळ्याला यंत्र जोडलं, उचललं आणि यार्डाच्या चढावरून वर काढायला गेला. अर्ध्या चढावर निळ्याची पुढची चाकं जमिनीवरून सुटली. वीतभर. माणसाने झटक्यात क्लच दाबला, तशी चाकं धप्पकन खाली आली. धूळ उडाली.

"ए, नाचतोय काय घोड्यागत!" आनंदा हसला.

"तोंड हलकं आहे जरा," हर्षित म्हणाला. "पुढे वजनं टाकली की टेन्शन खतम."

विनीतही हसला. प्राची हसली नाही.

हे तिने पाहिलं होतं. माहेरी शेवगावला, बांधावर, डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन उभी असताना. तिचे वडील दुसऱ्यांच्या रानात ट्रॅक्टर चालवायचे. पाटाच्या ओल्या चारीतून वर येताना ट्रॅक्टर उभा राहिला होता, सरळ आभाळाकडे तोंड करून. वडिलांचा डावा पाय जागेवर होता म्हणून ते घरी जेवायला आले. पुढे ते ज्याला त्याला सांगायचे, "हात काही करत नाही बाबा तेव्हा. देवही नाही. डावा पाय! पातं लवायच्या आत."

इथे यंत्राची पेटी रिकामी होती आणि जमीन मुरमाड, कोरडी. गावी पेटी बी-खताने भरलेली असणार, काळी माती चाकांना चिकटलेली असणार, आणि क्लचवर आनंदाचा डावा पाय. लोण्यासारखा क्लच तो सावकाश दाबू शकत होता. पण सावकाश.

विनीतच्या वडिलांनी रान केलं ते बैलांवर, आणि विनीत तर बारावी होताच इकडे कारखान्यात आला. ट्रॅक्टर उभा राहतो, हे त्या घरात कुणी पाहिलंच नव्हतं. सांगणारी ती एकटीच होती. आणि तिला काही करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. वजनं टाकतील ना. सगळ्यांचे ट्रॅक्टर थोडेच उभे राहतात. संध्याकाळी विनीत घरी असेल, उद्याही असेल, सान्वीला खांद्यावर घेऊन गणपतीच्या तळ्यावर जाईल. गावी जाऊबाई मंदाकिनी आणि तिची दोन पोरं आनंदाच्या वाटेकडे डोळे लावून बसतील, रोजच्यासारखी.

रोजच्यासारखी.

"दादा," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "निळा नको."

आनंदाने सवयीने सान्वीकडे पाहिलं. "सान्वे, आईला म्हणावं—"

"मलाच विचारा," प्राची म्हणाली. आणि तिने सांगितलं. शेवगावची चारी, भाकरीची पाटी, वडिलांचा पाय, सगळं. सांगताना ती त्याच्या गुडघ्याकडे बघत नव्हती, पण ती कुठे बघायचं टाळतेय हे सगळ्यांनाच कळलं. हर्षितने बडीशेप चावायचं थांबवलं.

आयुष्यात पहिल्यांदा आनंदा तिच्याकडे तोंड करून म्हणाला, "अगं बाई, लाल घेतला तर याला यावं लागंल. तुला ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"मग पुन्हा एकदा सांग. माझ्या डोक्यावर नको."

प्राचीला रडू फुटेलसं वाटलं, म्हणून तिने तोंडावर हात धरला. आणि हाताच्या आडून म्हणाली, "लाल."

सान्वीचे डोळे चमकले. ती धावत सुटली. लाल ट्रॅक्टरच्या तिच्याएवढ्या मोठ्या चाकावर तिने दोन्ही हातांनी थाप मारली आणि वळून आईकडे पाहिलं. बरोबर आलं ना? टाळ्या?

"अरे व्वा, पोरगी हुशार आहे!" हर्षित म्हणाला.

टाळ्या वाजवाव्या लागल्या. प्राचीने वाजवल्या. वाजवता वाजवता तिने विनीतकडे पाहिलं, आणि पाहायला नको होतं. त्याचा चेहरा उजळला होता. क्षणभरच. लगेच त्याने तो आवरला, खाली बघून चिंधीने हात पुसायला लागला, आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "तू म्हणतेस तर..."

त्या क्षणाबद्दल तिने त्याला कधी काही विचारलं नाही.

मृगाला थोडे दिवस उरले असताना ट्रॅक्टर ट्रकवर चढला. प्राची सान्वीला घेऊन यार्डात गेली होती. नवा असो की जुना, घरचा होणार म्हणजे पूजा हवीच. तिने बॉनेटवर कुंकवाचं बोट ओढलं, पण लालावर लाल दिसेना. मग हळदीचं ओढलं. विनीतने नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा सान्वीच्या तोंडात घातला आणि तिच्या कानामागच्या यंत्राची वायर उगाचच नीट केली.

"दर महिन्याला येतो," तो म्हणाला.

"पेरणीत कसला येतोस."

"येतो गं."

"बॅटऱ्या तुझ्या पिशवीत राहिल्यात बघ तिच्या. त्या काढून दे."

त्याने दिल्या. ट्रकच्या केबिनमधून तो हात हलवत राहिला, आणि सान्वीही हलवत राहिली, रस्ता रिकामा झाल्यावरसुद्धा.

घरी येऊन प्राचीने कुकर लावला आणि सवयीने तिघांचा लावला हे शिट्टी झाल्यावर तिच्या लक्षात आलं. सान्वीने शिट्टीकडे बोट दाखवून "शिट्टी" म्हटलं. प्राचीने टाळी वाजवली. मग ती फरशीवर बसली, तिने ठोकळ्यांचा डबा पुढे ओढला, तोंडापुढे हात धरला, पण शब्द येईना. हात तसाच राहिला.

सान्वीने थोडा वेळ वाट पाहिली. मग डब्यातून स्वतःच लाल ठोकळा काढला, तो आईच्या मांडीवर ठेवला, आणि आई धरते तसाच आपला इवलासा हात आपल्या तोंडापुढे धरला.

"आई," ती म्हणाली. "लाल का?"