नावावर राहिलेली स्कूटर

नोटीस रजिस्टर पोस्टानं आली. प्रभाकररावांनी पोचपावतीवर सही केली, पाकीट फोडलं आणि दारातच उभ्यानं वाचलं. वर स्कूटरचा नंबर, खाली त्यांचं पूर्ण नाव आणि नागपुरातल्या रामनगरचा पत्ता. ‘सदर वाहन आमच्या वाहनतळावर अकरा दिवसांपासून विना टोकन उभे आहे. दंडासह तीन हजार तीनशे रुपये सात दिवसांत न भरल्यास आपणांविरुद्ध पोलिसात व कोर्टात कार्यवाही करण्यात येईल.’ शेवटी शहरातल्याच एका पार्किंग कंपनीचा गोल निळा शिक्का.

२००५ सालचा ऑक्टोबर होता. प्रभाकररावांना हेडक्लार्क म्हणून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. असल्या भाषेतली पत्रं त्यांनी आयुष्यभर टाइप केली, पण ती दुसऱ्यांच्या नावानं. आपलं नाव त्या जागी पाहून त्यांनी ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

ती स्कूटर आता त्यांची नव्हती. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ती वडनेरच्या तानबाला विकली होती. विक्रीची चिठ्ठी करून स्वतःजवळ ठेवली होती, फॉर्मवर सह्या करून दिल्या होत्या, ‘आरटीओत जाऊन नावावर करून घेजो’ असंही सांगितलं होतं. तानबानं ते केलं की नाही, हे मात्र कधी विचारलं नाही. इतक्या वर्षांच्या कारकुनीत त्यांनी अशी चूक दुसऱ्या कुणाला माफ केली नसती.

पैशांपेक्षा वेगळीच भीती त्यांना खाऊ लागली. आपली गाडी कुणी अकरा दिवस अशी टाकून जातं का? तिच्यावरून कुणाला उडवलं असेल तर? चोरी करून कुणी पळालं असेल तर? कागदावर मालक तेच होते. त्यांनी नोटीस उशीखाली ठेवली आणि बायकोला, यशोदाबाईंना, पित्त झालंय म्हणून सांगितलं. दोन दिवस रस्त्यावर जीप थांबली की ते खिडकीपासून मागे सरत.

तिसऱ्या दिवशी चादर बदलताना यशोदाबाईंना कागद सापडला.

“इथं बसून काय होणार आहे?” त्या म्हणाल्या. “जाऊन गाडी तर पाहून या.”

वाहनतळ एका व्यापारी संकुलाच्या मागं होतं, मोठ्या दवाखान्याच्या अगदी समोर. गेटाशी फ्लेक्समागं झाकलेला एक बोर्ड प्रभाकररावांनी कारकुनी सवयीनं वाकून वाचला. टिनाच्या शेडमध्ये स्कूटर सापडली. पुढच्या चाकाला साखळी, सीटवर धुळीचा थर. प्रभाकररावांनी वाकून मडगार्ड पाहिलं, दिवा पाहिला. कुठं ठोकलेलं नव्हतं. तरी त्यांनी मागची बाजूही पाहून घेतली.

“तुमची का काका?” टेबलावर बसलेल्या माणसानं विचारलं. त्याचं नाव माणिक. त्याच्या मागं दोघं जण भिंतीला टेकून उभे होते.

“नावावर माझ्या आहे. कोणी लावली इथं?”

“आहे एक गडी. रोज समोरच्या दवाखान्याच्या गेटात उभा राहून इकडं पाहते. बोलावलं का पळते. चोरच असन. तुम्ही पैसे भरा, नाई तर पोलिसाले कागद देतो आम्ही.”

प्रभाकररावांच्या खिशात पैसे होते. भरून मोकळं व्हावं, असं त्यांना फार वाटलं. पण तो गडी कोण, हे कळल्याशिवाय त्यांना झोप लागली नसती. ते रस्ता ओलांडून दवाखान्यात गेले आणि एकेक व्हरांडा पाहत फिरले.

स्त्रियांच्या वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात तानबा भिंतीशी बसलेला होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. प्रभाकररावांना पाहताच तो उठून जिन्याकडे निघाला.

“तानबा, थांब. मी एकटाच आहे.”

तो थांबला, पण जवळ आला नाही.

“मी चोरी नाई केली सायेब.”

“मग गाडी तिथं काऊन टाकली?”

“माह्या बायकोले, कौशल्येले, साप चावला वावरात. हिंगणघाटवरून इकडं पाठवलं. जीपमधी जागा नव्हती म्हणून मी मागून स्कूटर घेऊन आलतो. धावपळीत टोकन कुठं पडलं, मले मालूम नाई. दुसऱ्या दिवशी गेलतो गाडी काढाले. ते म्हणे, टोकन नाई त रोजचे तीनशे लागन. कागद पाह्यला, त तुमचं नाव. म्हणे चोरीची गाडी हाय, पोलिसात देतो. मले जेलात टाकलं असतं त तिच्यापाशी कोण राह्यलं असतं?”

दारातून प्रभाकररावांना कौशल्या दिसली. पाय मांडीपर्यंत सुजलेला, डोळे मिटलेले. डॉक्टरांनी पाय वाचेल की नाही हे अजून सांगितलं नव्हतं. दोन दिवस आपण घरी बसून स्वतःच्या नावाचीच काळजी केली, याची त्यांना लाज वाटली.

“चल माझ्यासोबत,” ते म्हणाले.

“नाई सायेब. मारतीन ते.”

“मलाही भीती वाटते. चल.”

दोघं माणिकच्या टेबलापुढं येऊन उभे राहिले. प्रभाकररावांनी खिशातून विक्रीची चिठ्ठी काढून पुढं ठेवली. “गाडी चोरीची नाही. मी याला विकली आहे. आता तीन हजार तीनशेची पावती फाडा. त्यावर ठरलेला दर लिहा आणि सही करा.”

“दर कायचा?”

“गेटाशी तुमचाच बोर्ड आहे, फ्लेक्सच्या मागं झाकलेला. स्कूटर, दिवसाला पाच रुपये. टोकन हरवलं तर दहा. तुमची पावती आणि ही नोटीस, दोन्ही घेऊन मी ग्राहक मंचात जाईन.”

माणिक उठून इतका जवळ आला, की त्याच्या तोंडातल्या खर्र्याचा, तंबाखू-सुपारीचा, वास आला.

“काका, घर रामनगरात आहे ना तुमचं? घरी दोघंच राह्यता?”

तानबानं प्रभाकररावांची बाही धरली. ती न सोडवता ते म्हणाले, “हो. दोघंच. पावती फाडा.”

माणिकनं बाजूला जाऊन मालकाला फोन लावला. परत आला तेव्हा त्यानं चौदा दिवसांचे सत्तर आणि टोकनचे दहा, अशी ऐंशी रुपयांची पावती फाडली आणि साखळीची किल्ली टेबलावर फेकली. स्कूटर सुरू होईना. दोघांनी ती ढकलतच रस्त्यावर आणली, आणि मागं वळून पाहिलं नाही.

सोमवारी दोघं आरटीओत गेले आणि गाडी तानबाच्या नावावर करायचे कागद दाखल केले. पण माणिकचा तो प्रश्न प्रभाकररावांच्या डोक्यातून जाईना. ते भरदिवसा दाराला कडी लावू लागले. भाजीला यशोदाबाई एकट्या निघाल्या, की पायात चपला घालून मागोमाग जात. कोणी आलं नाही.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी बाहेर गाडी थांबली आणि दार वाजलं. प्रभाकरराव खुर्चीतून उठले, पण दाराकडे गेले नाहीत. दार यशोदाबाईंनी उघडलं. पायरीवर तानबा होता, आणि त्याच्या खांद्याचा आधार घेऊन, पायाला पट्टी बांधलेली कौशल्या.

“सुट्टी झाली आज,” तानबा म्हणाला. “म्हणलं, गावी जायच्या आधी सायेबाले भेटून जाऊ.”

यशोदाबाईंनी तिला हात धरून आत आणलं. प्रभाकररावांनी आपली खुर्ची तिच्यापुढं सरकवली आणि पाणी आणायला म्हणून घाईनं आत गेले. पेले भरून ते बाहेर आले तेव्हा दार उघडंच होतं; ते त्यांनी तसंच राहू दिलं.