निळ्या कागदाचं पाणी

माझा स्वभाव तापट. लोणी भापकरहून बदलून पळसदेवच्या शाळेत आले, तिसरीचा वर्ग मिळाला आणि महिन्याभरात घसा बसला. तेवीस पोरं, एकेक नमुना.

शेवटी मागच्या भिंतीवर मी धरणात बुडालेलं जुनं देऊळ रंगवलं आणि ते निळ्या कागदाच्या पट्ट्यांनी झाकून टाकलं. हे पाणी. वर्ग शहाण्यासारखा वागला की एक पट्टी काढायची, गोंधळ घातला की परत लावायची.

जादूच झाली. पोरं कुजबुजत बोलू लागली. आधी कळस दिसला, मग शिखर. खिडकीबाहेर खरं धरणही उतरत होतं, खरा कळस उन्हात वर येत होता. दुपारी डोळे जड झाले की भिंतीवरचं पाणी कुठलं नि बाहेरचं कुठलं, मलाच कळेनासं व्हायचं. पोरांची तर खात्रीच होती, आपण गप्प बसतो म्हणून धरण उतरतं. मीही हसून मान डोलवायचे. वर्ग शांत आहे ना, मग माझं काय जातंय!

देवळाच्या दारापाशी मात्र घोडं अडलं. तीन पट्ट्या उरल्या की छकुली बिघडायची. एरवी वर्गातली सगळ्यात गुणी पोर, पण तेव्हा बाकावर उभी राहून किंचाळायची. पट्टी परत लागली की निवांत खाली बसायची. चौथ्यांदा असं झालं तेव्हा दिग्विजय रडकुंडीला आला.

"बाई, हिच्यापायी देऊळ दिसायचंच न्हाय!"

माझा पारा चढला. तिला दंडाला धरून व्हरांड्यात नेलं. "का गं करतेस असं?"

"आमी गप बसलो की पाणी उतरतं," ती खाली बघत म्हणाली. "पाणी उतरलं की शेताला पाणी खेचायची मोटार लांब न्यावी लागती. आमचे तात्या तितंच झोपत्यात, चोरांपास्नं केबल राखायला. घरी येत न्हायत. आता पार देवळापाशी गेल्यात, बाई. आनखी उतरलं तर..."

माझा राग कुठल्या कुठे गेला, लाज तेवढी उरली.

"धरण आपल्यामुळं उतरत नाही गं," मी म्हणाले. तिला ते पटलं नाही. मान डोलवणारी मीच होते ना.

शनिवारी मी वर्ग खऱ्या देवळाकडे नेला. भेगाळलेल्या गाळावरून ओळीनं, झोपेत चालावं तसे आम्ही चाललो होतो. कुणी बोलत नव्हतं. देवळामागून मोटारीची घरघर ऐकू आली आणि ताडपत्रीखालून एक माणूस डोळे चोळत बाहेर आला.

"तात्याऽऽ!"

छकुली ओळ मोडून, जिवाच्या आकांतानं ओरडत धावत सुटली. तिच्यामागं बाकीची बावीसही बोंबलत पळाली. सवयीनं आणलेल्या निळ्या पट्ट्या माझ्या पिशवीत होत्या. मी एकही बाहेर काढली नाही.