झारीची ओळ

सुनंदाबाईंनी उजव्या मुठीत अक्षता घेतल्या आणि डाव्या हातानं पर्समधल्या मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू केलं. दादरच्या त्या हॉलमध्ये अंतरपाट धरला गेला होता, भटजींनी गायिकेला मान हलवून खूण केली होती, आणि आता चोरी मुद्देमालासकट पकडली जाणार होती.

चोरी मंगलाष्टकाची होती. ते सुनंदाबाईंनी आपल्या लेकीच्या, ऋग्वेदाच्या लग्नासाठी लिहिलं होतं. रीतीप्रमाणे त्यात ऋग्वेदा आणि ध्रुव ही नावं गुंफली होती. लग्नाचा व्हिडिओ हौशी नातेवाइकांनी इंटरनेटवर टाकला आणि तिथून त्याला पाय फुटले. कुणी उतरवून घेतलं, कुणी आपल्या आवाजात गाऊन पुन्हा वर चढवलं, एका साइटवर तर ‘नावे बदलून मिळतील’ म्हणून चक्क विक्रीला होतं. लिहिणारीचं नाव कुठेच नव्हतं. त्याचं त्यांना फारसं दुःख नव्हतं. सगळी नोकरी बँकेत दुसऱ्यांच्या सह्या तपासण्यात गेली होती. जीव जळत होता तो तिसऱ्या कडव्यातल्या एका ओळीसाठी.

त्यांचे यजमान श्यामकांत म्हणजे लग्नाला जाणारा माणूस नव्हे. बुफेची रांग, उभ्यानं जेवण आणि “ओळखलंत का?” म्हणून समोर येणारे लोक, या सगळ्यांचा त्यांना मनस्वी तिटकारा. आहेराचं पाकीट सुनंदाबाईंच्या हातात द्यायचं आणि आपण गिरगावच्या घरी गॅलरीत बसायचं, हे ठरलेलं. “ऋग्वेदाच्या लग्नाला तेवढा येईन,” असं त्यांनी कबूल केलं होतं. तिच्या लग्नाच्या आदल्या वर्षी ते गेले.

मग सुनंदाबाईंनी त्यांना ओळीत आणून उभं केलं. ऋग्वेदा संध्याकाळी क्लासवरून यायची वेळ झाली की श्यामकांत झारी घेऊन तुळशीला पाणी घालू लागत. काळजी करतोय असं दिसायला नको ना! ती जिन्यात दिसेपर्यंत झारी चालूच. दोन तुळशी त्यापायी कुजल्या. तो माणूस आता कुणीही उठून आपल्या मांडवात नेत होता, आणि सुनंदाबाईंना ते घरात शिरून वस्तू उचलण्यापेक्षाही वाईट वाटत होतं.

ऋग्वेदानं पुण्याहून तक्रार तयार ठेवली होती. हक्क आईचा, म्हणून होकारही आईचाच हवा होता. “तू फक्त हो म्हण, एकूण एक ठिकाणाहून उतरवायला लावते,” ती म्हणाली होती. बँकेतली जुनी सोबतीण, लालबागची अंबिका, हिनं मुलीच्या लग्नाचं व्हिडिओ-आमंत्रण व्हॉट्सॲपवर पाठवलं, तर त्या व्हिडिओतही तेच मंगलाष्टक. तेव्हा लेक म्हणाली, “जाच तू. जाऊन रेकॉर्ड करून आण.”

गायिकेचा आवाज चांगला होता, याचा सुनंदाबाईंना आणखीच राग आला. ‘ऋग्वेदा’च्या जागी ‘आकांक्षा’ अगदी नीट बसलं होतं. ‘ध्रुव’च्या जागी ‘मयूर’ मात्र मावेना, तेव्हा बाईनं एक अक्षर सरळ गिळून टाकलं. सुनंदाबाईंनी ओठ घट्ट मिटले. तेवढ्यात तिसरं कडवं आलं.

‘झारी घेउनि हाति वाट बघतो दारी मुलीची पिता...’

अंतरपाटाजवळ उभ्या असलेल्या नवरीच्या वडिलांनी, दीपकनी, मान खाली घातली. ‘सावधान’ झालं, चहूकडून अक्षता उडाल्या. दीपकची मूठ तशीच मिटलेली राहिली. त्यांच्याकडे बघता बघता सुनंदाबाईंचीही राहिली.

जेवणाच्या वेळी अंबिका पदर सावरत त्यांच्या शेजारी येऊन टेकली.

“सुनंदाताई, ती झारीची ओळ ऐकलीत? ऑनलाइन शोधताना आकांक्षानंच काढली. म्हणाली, हेच घ्यायचं, दुसरं नको.”

“का ग?”

“आमच्याकडे कुठली आलीय झारी! हे आपले खाली स्कूटर पुसत बसायचे. पोरगी क्लासवरून येईपर्यंत पुसतायत आपले. पुसून पुसून रंग गेला हो तिचा. विचारलं तर म्हणायचे, धूळ किती बसते बघ.” अंबिका हसली आणि डोळे पुसू लागली. “ही ओळ कुणी लिहिली कोण जाणे. पण त्यानं आमच्या ह्यांना बघितलेलं असणार.”

सुनंदाबाईंनी हातातला जिलबीचा तुकडा ताटात परत ठेवला. मांडव घालून पाठीमागे उभा राहिलेला तो स्कूटर पुसणारा बाप त्यांना फार आवडला. श्यामकांतांशी याचं जमलं असतं, असं त्यांच्या मनात आलं. दोघंही एकमेकांशी एक शब्द न बोलता तासभर बसले असते.

हात धुऊन त्या स्टेजजवळ गेल्या. गायिका माइकची वायर गुंडाळत होती. तिचं नाव दर्शना.

“हे मंगलाष्टक कुठून मिळालं तुम्हाला?”

“नेटवर आहे ना काकू. पारंपरिक आहे ते.”

आपण एवढ्यात पारंपरिक झालो, हे सुनंदाबाईंना ठाऊक नव्हतं. बोलायचं ठरवून आणलेलं सगळं जिभेवर होतं. त्यांनी ते गिळलं.

“दुसऱ्या ओळीत मुलाचं नाव दोन अक्षरी लागतं,” त्या म्हणाल्या. “मोठं असलं तर ‘वर’ म्हणा आणि नाव पुढच्या ओळीत घ्या. अक्षर खाऊ नका.”

दर्शनानं पुटपुटत म्हणून बघितलं आणि तिचा चेहरा खुलला.

“बरोबर बसतंय की! टीचर होतात का काकू?”

“नाही. बँकेत.” मग जायला वळता वळता त्यांनी विचारलं, “हे सगळ्या लग्नांत गाता?”

“सगळे हेच मागतात. झारीवालं म्हणा म्हणतात. उद्या शिवडी, परवा वडाळा, रविवारी माटुंग्याला तर दोन आहेत.”

“एका दिवशी दोन?”

“सीझन आहे ना.”

सुनंदाबाई हसू दाबत बाहेर आल्या. फुटपाथवर टॅक्सीची वाट बघत असताना, जेवणाआधी रुमालात बांधून ठेवलेल्या अक्षता पर्समध्ये तशाच आहेत हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी हॉलच्या दाराकडे वळून तिथूनच त्या टाकल्या. पर्समध्ये फोन वाजला.

“आई, झालं रेकॉर्डिंग?” ऋग्वेदा विचारत होती.

“झालं की. छान आलंय.”

“मग पाठवू तक्रार? एकदा गेली की सगळं बंद होईल बघ.”

समोर टॅक्सी येऊन थांबली. सुनंदाबाईंनी दार उघडलं.

“राहू दे ग,” त्या म्हणाल्या. “बाबांना उद्या शिवडीला लग्नाला जायचंय.”