पार्वतम्माची झारी

मित्रांनो, मी पत्र्याची एक जुनी झारी आहे. पार्वतम्मा गेली हे मला ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी मी व्हरांड्यात भरलेली होते. दवाखान्यात जाण्याआधी तिनेच मला भरून ठेवलं होतं. तिचे यजमान गुरुपादप्पा तिच्या चपला हातात घेऊन एकटेच परत आले. चपला त्यांनी नेहमीच्या जागी ठेवल्या आणि माझ्याशेजारी खाली बसले.

माझा जन्म भूकंपानंतरचा. किल्लारीजवळच्या त्यांच्या गावात घरं पडली आणि माणसं पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेली. मदतीत आलेला तेलाचा डबा रिकामा झाला, तो पार्वतम्माने झारी करून घ्यायला लातूरला पत्र्याचं काम करणाऱ्या मोहियोद्दीनभाईंकडे नेला.

"घर नै भाभी, अन् झारी कायकू?" पत्रा कापता कापता त्यांनी विचारलं.

"घर सरकार देईल. माझ्या वेलाला पाणी कोण देईल?"

पडलेल्या घराच्या मातीतून तिने मनीप्लांटचा एक तुकडा काढला होता. तो तेवढाच वाचला होता.

पुढे ते दोघं लातूरला आले. क्लासला येणाऱ्या पोरांसाठी त्यांनी खोल्या बांधल्या. वेल व्हरांडाभर चढला. पोरांना सोडायला आलेल्या आया म्हणायच्या, "इथं हिरवं बघून जिवाला बरं वाटलं." त्या कौतुकात माझाही वाटा आहे, असं मला वाटायचं.

नळाला मात्र आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं. गुरुपादप्पा कुरकुरायचे, "माणसाला प्यायला न्हाई, अन् तू पानांना पाजून राहिलीस?"

"त्याला रोज न्हाई लागत. तुम्हालाच लागतं," ती हसायची. मग मातीत बोट खुपसायची. माती ओली लागली की मला तशीच परत ठेवायची.

ते बोट गुरुपादप्पांनी कधी नीट बघितलं नाही. आपलं कुरकुरणं तेवढं त्यांच्या लक्षात राहिलं. ती गेल्यावर ते रोज मला काठोकाठ भरू लागले, कधी पिण्याच्या घागरीतूनसुद्धा. पानं पिवळी पडली. त्यांना वाटलं, तहान भागत नाही. त्यांनी आणखी ओतलं. पाणी माझ्याच तोंडातून जात होतं आणि मला थांबता येत नव्हतं.

लेक दामिनी नांदेडहून आली. तिने कुंडीत बोट घातलं.

"अप्पा, किती पाणी घातलंत? मुळ्या कुजल्यात."

"तुझ्या आईच्या वेलाला आता तरी पोटभर मिळावं म्हणलं."

दामिनीने वेल शेंड्यापर्यंत निरखून पाहिला. मग म्हणाली, "शेंड्याला एक फांदी हिरवी हाय. पेराच्या खाली कापा अन् बाटलीत लावा. लवकर करा, अप्पा. न्हाईतर तीबी जाईल."

मित्रांनो, घरातल्या झाडाला पाणी घालण्याआधी मातीला बोट लावून बघा. घरात कुणी ते करत असेल, तर ते माणूस आहे तोवर त्याच्याकडून शिकून घ्या.

दामिनी परत गेली. गुरुपादप्पा रोज कात्री घेऊन वेलापाशी येतात. तिच्या वेलाला कात्री लावायला त्यांचा हात होत नाही. पाण्याची बाटली माझ्याशेजारी भरून ठेवली आहे. फांदी अजून कापलेली नाही.