नंदाचं प्रस्थान

शेवंतीच्या डोक्याची शीर नुसती तडतडत होती. घोडीएवढी पोरगी भरल्या उन्हाची कॉटवर लोळतेय, आणि आईने काय तिला ओवाळत बसायचं?

नंदा चांगली सरकारी इस्पितळात नर्स होती. ती नोकरी सोडली. का, तर आफ्रिकेत दुष्काळ पडलाय, माणसं किड्यामुंग्यांसारखी मरतायत, तिथल्या छावणीत वर्षभर फुकट सेवा करायची. शेवंतीने आधी आकाशपाताळ एक केलं. रुसली, उपाशी निजली. पोरगी बधेना म्हटल्यावर तिनेच पवित्रा फिरवला: जायचंच तर माझी लेक वाजतगाजत जाईल! कांजूरच्या अख्ख्या चाळीला पेढे वाटले, नंदाची ओटी भरली. व्हिसापायी निघायची तारीख लांबली म्हणून काय मुहूर्त सोडायचा? शेजारच्या द्रौपदीकडे प्रस्थान ठेवलं. तांदूळ, सुपारी आणि नंदाची एक साडी, पिशवीत बांधून. पिशवी उंबऱ्याबाहेर गेली की माणूस निघालंच समजायचं. ती माघारी घरात आली की प्रवास मोडला.

आणि मेला तो व्हिसा काही येईना. नंदा जुनी धोतरं फाडून जखमांच्या पट्ट्या गुंडाळी, उलगडी, पुन्हा गुंडाळी. पोस्टमनची चाहूल लागली की जिन्यात, तो गेला की परत कॉटवर.

त्या दिवशी नळावर द्रौपदीने तोंड उघडलंच. "काय गो शेवंती, तुझ्या चेडवाचा इमान पंक्चर झाला काय?"

"तुझ्या जिभेसारखं चोवीस तास उडत नाही ते!" शेवंतीने हंडा उचलला आणि घरी येऊन असा आपटला की निम्मं पाणी फरशीवर. "नोकरी घालवलीस, वर चाळीला तमाशा! अजून किती दिवस नाक कापणार आहेस माझं? तरी मी बोंबलून सांगत होते!"

नंदा उठली. चपला सरकवून बाहेर पडली. फणकारली असेल, येईल कोपऱ्यापर्यंत जाऊन, म्हणून शेवंती भाजी चिरायला बसली. तोच नंदा दारात, हातात प्रस्थानाची पिशवी.

"आणली परत. उद्या मेट्रनबाईंना भेटते, घेतील कामावर. झालं तुझ्या मनासारखं?"

शेवंतीची विळी थांबली. हेच तर हवं होतं तिला. लेक घरात, डोळ्यांसमोर. एक पाऊल, की संपलं सगळं. नंदाने पाऊल उचललं.

"खबरदार! उंबरा ओलांडलास तर तंगडी मोडून ठेवीन!"

"अगं आई, तूच तर—"

"मी बोलेन! आई आहे, दिवसातून शंभरदा बोलेन. तू का ऐकलंस? माझ्या चार शब्दांनी मोडतेस, आणि मरणाऱ्या माणसांच्या उशाशी टिकणार होय गं तू?"

पदराला हात पुसत शेवंती बाहेर आली, दाराला कुलूप ठोकलं, नंदाचा दंड धरून तिला रिक्षात कोंबलं आणि थेट अंधेरीला भावाकडे, गुणाजीकडे. विमानतळ तिथून हाकेच्या अंतरावर. वाटभर तिने कुणाला सोडलं नाही. सरकार, द्रौपदी, दुष्काळ, रिक्षावाला, सगळ्यांची सालं काढली.

गुणाजीच्या बायकोने, विमलाने, दार उघडलं. "वन्सं, या ना, चहा टाकते."

"चहा मरू दे. ही पिशवी आणि ही पोरगी, दोन्ही ठेवून घे. विमानात बसेपर्यंत हिला कांजूरला सोडायची नाही. कुणीही न्यायला आलं तरी."

"न्यायला कोण येणार, वन्सं?"

"मी येईन," शेवंती खेकसली. "उद्याच येईन. रडेन, तुझ्या पाया पडेन. दार उघडू नकोस मला."