पाठमोरे मास्तर

“मास्तर, आजतरी तोंड करा की इकडं! राजधानीचे पेश्टवाले आलेत खेळायला!” गोलरक्षक आंताल ओरडला.

“तू आधी पोट आत घे, मग बघतील,” कप्तान लोरिंत्स म्हणाला. सगळा संघ हसला.

मर्डो मास्तर हसले नाहीत. काळा कोट, काळी टोपी, हात मागे बांधलेले. मैदानाकडे पाठ करून ते तिसा नदीकडे बघत राहिले. दर रविवारी, म्हणजे दर सामन्याला, ते असेच उभे असत.

ते येण्याआधी आमच्या सेगेदमध्ये चेंडू ही आभाळात मारायची वस्तू होती. एके काळी स्कॉटलंडकडून फुटबॉल खेळलेला हा माणूस गुडघा मोडल्यावर इकडे आला आणि त्याने चेंडू जमिनीवर आणला. शिकवायची त्यांची रीतही निराळीच. “खाली ठेव, शेजाऱ्याला दे,” ही ओळ मास्तर गाऊन म्हणत आणि पोरं पळता पळता झील धरत. पाय आपोआप तालात पडत. मास्तरांचे वडील तिकडे त्यांच्या गावच्या चर्चमध्ये स्तोत्राची ओळ अशीच आधी गात आणि मंडळी मागून म्हणत. चाल तीच. ना पेटी, ना वाजंत्री. मागून म्हणणारं माणूस असलं की पुरे.

सोमवार ते शनिवार मास्तरांचा गळा थांबत नसे. रविवारी मात्र शब्द नाही आणि वर ही पाठ.

संघाने त्याचा आपल्यापुरता अर्थ लावला होता. मास्तरांचा आपल्यावर एवढा भरवसा, की बघायचीसुद्धा गरज नाही! मिरचीच्या गिरणीत राबणारा लोरिंत्स हे ज्याला त्याला छाती काढून सांगे. मास्तरांनी ते कधी खोडलं नाही.

मध्यंतराची शिट्टी झाली तेव्हा भोपळ्याच्या बिया सोलणाऱ्या गर्दीतून एक उंच म्हातारा काठी टेकत वाट काढत आला. तसाच काळा कोट.

“मर्डो.”

मास्तरांच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला. “ह्यूदादा? तू... इथं कसा?”

“राजधानीत आपल्या चर्चच्या मिशनचं काम होतं. म्हटलं, जाता जाता तुला भेटावं. घरमालकीण म्हणाली, मैदानावर आहेत. मी तिला सांगितलं, बाई, आज रविवार आहे, तो माझा भाऊ नसणार.”

या भावांच्या घरी रविवार म्हणजे फक्त देवाचा दिवस; त्या दिवशी नुसती शीळ घातली तरी मार बसे.

“मी बघत नाही, दादा,” मास्तर घाईघाईने म्हणाले. “तोंड नदीकडं असतं माझं. एकही सामना डोळ्यांनी पाहिलेला नाही मी.”

“म्हणजे पाप या पोरांनी करायचं, नि तू नामानिराळा?”

“लाज वाटते रे, दादा. म्हणून तर पाठ करून उभा राहतो.”

मागे पाण्याची सुरई घेऊन लोरिंत्स उभा होता. इतक्या वर्षांत मास्तरांची मायबोली त्याला पुरती कळू लागली होती.

“कुणाची लाज, मास्तर?” त्याने हळूच विचारलं. “आमची?”

मास्तरांची नजर पुन्हा नदीकडे वळली. लोरिंत्सने सुरई त्यांच्या पायाशी ठेवली आणि तो वळला.

“काय म्हणाले रे?” आंतालने विचारलं.

“पाहुणे आलेत त्यांचे. म्हणाले, नेहमीसारखं खेळा. बघायची गरज नाही.”

ते ऐकलं आणि मास्तरांना पाठ करून उभं राहवेना. खेळ सुरू झाला तसे ते वळले. पहिल्यांदाच.

“अरे, मास्तर फिरले!” आंताल घाबरून ओरडला. “काही चुकलं का आपलं?”

“तू चेंडूकडं बघ!” लोरिंत्स खेकसला. मग त्यानेच ओळ उचलली, “खाली ठेव, शेजाऱ्याला दे...” आणि सगळ्यांनी झील धरली.

रविवारचा खेळ दिसू नये म्हणून नदीकडे तोंड करून उभ्या असलेल्या ह्यूदादांनी मान वर केली. “ही तर बाबांची चाल.”

“हो.”

“यांना कुणी शिकवली?”

“मी,” मास्तर म्हणाले. ह्यूदादा वळले नाहीत. फक्त काठीवरची त्यांची बोटं ठेका धरू लागली.

चेंडू पायापायांतून सरकत होता, जसा शिकवला होता तसा. मास्तरांनी टोपी काढून हातात धरली. ओळ त्यांच्या ओठांपर्यंत आली आणि तिथेच अडली. रविवार होता म्हणून नव्हे; ज्या पोरांकडे पाठ केली त्यांच्यासोबत ती म्हणायचा हक्क आता आपल्याला उरला नाही असं त्यांना वाटलं.

बाहेर गेलेला चेंडू घ्यायला लोरिंत्स त्यांच्या अगदी जवळ आला. त्याने चेंडू उचलला. मास्तरांकडे पाहिलं नाही.

“टोपी घाला, मास्तर,” तो म्हणाला. “या बाजूला तोंड केलं की ऊन डोळ्यांवर येतं. तुम्हाला माहीत नसेल.”

मास्तरांनी टोपी घातली नाही. मावळतीचं ऊन सरळ तोंडावर घेत, पाणावलेल्या डोळ्यांनी ते शेवटपर्यंत बघत राहिले.